सामरीचा चेहरा सगळ्यांना पाठ, माणसाचं नाव मात्र कुणालाच नको

मंडळी, पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री जेवणं उरकल्यावर वाचा. पण 'हा आज परत सिनेमावर का घसरला' म्हणून सोडून देऊ नका. विषय भुतापासून सुरू होतोय, पण शेवटी आपल्या वाई-मेणवलीपर्यंत येणार आहे.

गेले आठ-दहा दिवस एक रील फिरतंय. जुन्या हिंदी भुताच्या सिनेमातला उंचच उंच माणूस, लांबट चेहरा, खोल गेलेले डोळे, अंगावर काळे कपडे. वर लिहिलंय, 'सोमवारी सकाळी कामावर निघालेला मी'. आपल्याच तालुक्यातल्या निदान दहा जणांनी ते मला पाठवलं. खाली कुणीतरी विचारलंय, 'हा कोण रे?' आणि एकाने उत्तर दिलंय, 'रामसेचं भूत'. त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. विषय संपला.

माझा विषय तिथूनच सुरू होतो.

त्या भुताचं नाव अनिरुद्ध अगरवाल. मूळचे डेहराडूनचे. रुरकीला सिव्हिल इंजिनियरिंग शिकलेले. होय, तेच रुरकी, जिथं आता आयआयटी आहे आणि जिथं गावातलं पोरगं लागलं की आपण चौकात फ्लेक्स लावतो. १९८४ च्या 'पुराना मंदिर'मध्ये ते सामरी झाले. १९८५ ला '३डी सामरी' आला. १९९० ला 'बंद दरवाजा'मध्ये ते नेवला झाले, वटवाघळासारखी झेप घेणारा सैतान. शेखर कपूरच्या 'बँडिट क्वीन'मधला बाबू गुज्जर आठवतोय? तो ज्याला आठवतो त्याच्या अंगावर अजून काटा येतो. तेही हेच. आणि त्याच १९९४ साली डिस्नेच्या 'जंगल बुक'मध्ये तबाकी म्हणून पुन्हा हेच. एवढं काम केलेल्या माणसाची आपल्याकडची ओळख काय, तर 'रामसेचं भूत'.

रामसेच्या सिनेमांत त्यांचं नाव 'अजय अगरवाल' असं यायचं. आता पडद्यासाठी वेगळं नाव घेणं यात नवल काही नाही, दिलीपकुमारही मूळचे युसुफ खानच. फरक एवढाच, की दिलीपकुमार हे नाव लोकांनी डोक्यावर घेतलं. यांचं ना खरं नाव कुणाच्या तोंडी आलं, ना पडद्यावरचं. लोकांनी ठेवला फक्त चेहरा.

'हॅ, त्याला काय अॅक्टिंग म्हणायची' असं म्हणणारे भेटतात. मी त्यांना एवढंच सांगतो, एकदा घरातल्या आरशासमोर उभे राहा आणि संवाद न बोलता, फक्त चालून आणि बघून समोरच्याला घाबरवून दाखवा. तोंडावर मेकअपचा थर, अंगावर जड कपडे, रात्रीचं शूटिंग, आणि वाट्याला वाक्यं जवळजवळ नाहीतच. हिरोला निदान गाणं असतं, रडायला आई असते. भुताला काहीच नसतं. त्याला फक्त अंग वापरायचं असतं. सामरी दारातून आत येतो तेव्हा तो पळत नाही, ओरडत नाही, सावकाश येतो. ती सावकाशी हेच त्याचं काम होतं, आणि चाळीस वर्षांनंतर लोक त्याचं रील करतायत याचा अर्थ ते काम नीट झालं होतं.

आता थोडं रामसेंबद्दल, कारण यात आपला जिल्हा आहे. कराचीहून आलेलं हे कुटुंब. तिथं त्यांचं रेडिओचं दुकान होतं. मुंबईत एफ. यू. रामसे सिनेमात पडले. १९७० ला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, तो पडला. पण पोरांनी थेटरात बसून एक गोष्ट हेरली. पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या प्रसंगाला लोक जागचे हलत नाहीत. मग सात भावांनी कामं वाटून घेतली. कुणी लेखन, कुणी कॅमेरा, कुणी साऊंड, कुणी एडिटिंग, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. आणि सगळं कुटुंब आणि मोजकी माणसं घेऊन ते आले कुठं? आपल्या महाबळेश्वरला. सरकारी गेस्ट हाऊसमध्ये मुक्काम टाकून 'दो गज जमीन के नीचे' केला. १९७२ साली तो लागला आणि चालला. हिंदीतल्या भुताच्या सिनेमाचा हा सगळा कारखाना सुरू झाला तो आपल्या घाटमाथ्यावरच्या धुक्यात. पुढं मुरूडच्या नवाबाच्या राजवाड्यातही त्यांची शूटिंगं झाली. महाराष्ट्रातलं धुकं, महाराष्ट्रातले वाडे, महाराष्ट्रातला प्रेक्षक.

प्रेक्षक म्हणजे कोण? मुंबईच्या मोठ्या थेटरातला नव्हे. तालुक्याच्या गावातल्या पत्र्याच्या थेटरातला, आणि यात्रेतल्या तंबूतला. आमच्या लहानपणी पुसेगावच्या यात्रेत सेवागिरी महाराजांचं दर्शन झालं की पोरांची पावलं आपोआप तंबूकडे वळायची. थंडीचे दिवस, खाली गवत नाहीतर पोतं, अंगावर घरून आणलेली वाकळ, आणि समोर हलणाऱ्या पडद्यावर सामरी. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. किंकाळी उठली की दोन्हीकडून. असल्या तंबूंच्या आणि थेटरांच्या गल्ल्यावर या सिनेमांनी पैसा केला. वितरकाने केला, थेटरवाल्याने केला, व्हिडिओ कॅसेटवाल्याने केला, पुढं सीडीवाल्याने केला. त्यानंतर चॅनेलं आली, त्यांनी रात्री-अपरात्री तेच सिनेमे जाहिरातींच्या मध्ये घालून दाखवले. आता ते फोनवर आहेत, आणि प्रत्येक वेळी सुरू होताना आधी जाहिरात येते. चाळीस वर्षं हा गल्ला वाजतोय. पडद्यावर उभा राहून ज्याने तुम्हाला घाबरवलं त्याचा हात त्या गल्ल्यापर्यंत पोचावा अशी वाटच कुणी ठेवलेली नाही.

'पुराना मंदिर' बघितलेल्यांना कथा आठवत असेल. राजा हरिमानसिंग सामरीला पकडतो, त्याचं शिर कापून पेटीत घालून एकीकडे ठेवतो आणि धड दुसरीकडे पुरतो. दोन्ही एकत्र आली तर सामरी उठेल ही भीती. मला वाटतं आपल्या सिनेमाच्या धंद्याने या असल्या नटांचं नेमकं हेच केलंय. चेहरा पोस्टरवर आणि रीलमध्ये, नाव कुठंतरी भलतीकडे, आणि पैसा तिसरीकडेच. तिन्ही कधी एकत्र येणार नाहीत याची चोख व्यवस्था. आणि ही व्यवस्था नुसती रीतीरिवाजाची नाही, ती कायद्याचीही आहे. पुढचा भाग जरा रुक्ष आहे, पण तोच खरा महत्त्वाचा आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात लेखकाला हक्क होता, संगीतकाराला होता, निर्मात्याला होता. नटाला नव्हता. नटाचं काम ही कायद्याच्या भाषेत 'कृती'च नव्हती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. कोण घेऊन गेलं? साक्षात देव आनंद. 'डार्लिंग डार्लिंग' या सिनेमाचं प्रकरण होतं. न्यायालयाने सांगितलं, सिनेमातल्या नटाच्या कामाला या कायद्याखाली कॉपीराइट नाही. विचार करा, देव आनंदला नाही! मग रात्रभर मेकअप करून दारात उभ्या राहणाऱ्या सामरीला कुठून असणार? 'पुराना मंदिर' आला त्या वर्षी या देशात नटाला आपल्या कामावर कायद्याने काडीचाही हक्क नव्हता. निर्मात्याने हातावर ठेवलं ते घ्यायचं आणि घरी जायचं.

१९९४ साली दुरुस्ती झाली आणि 'परफॉर्मर' म्हणजे सादरकर्ता हा शब्द पहिल्यांदा कायद्यात आला. गायक, नट, वादक, नर्तक, डोंबारीसुद्धा. पण लगेच खाली एक पाचर मारून ठेवली होती. सिनेमात काम करायला एकदा होकार दिला की हा हक्क संपला. म्हणजे ताट वाढलं आणि घास घ्यायच्या आत उचललं.

मग २०१२ ची दुरुस्ती आली. जावेद अख्तरांनी राज्यसभेत केलेल्या भाषणामुळे ती बऱ्याच जणांच्या लक्षात आहे. गीतकार, संगीतकार, लेखक यांना रॉयल्टीचा हक्क मिळाला, तो त्यांच्याकडून लिहून घेऊनही काढता येणार नाही असा. नटांसाठीही चांगली तरतूद झाली. सिनेमातल्या त्यांच्या कामाचा पुढं व्यापारी वापर झाला तर ते रॉयल्टीला पात्र आहेत असं कायद्यात स्पष्ट आलं. आपलं नाव सांगितलं जाण्याचा हक्क आला. आपल्या कामाची मोडतोड करून बदनामी केली तर दाद मागण्याचाही हक्क आला. ऐकायला किती छान.

पण त्याच दुरुस्तीत व्याख्येच्या खाली एक परंतुक आहे. ते प्रत्येकाने नीट वाचावं. सिनेमात ज्याचं काम 'किरकोळ किंवा प्रासंगिक' आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव नामावलीतसुद्धा कुठं येत नाही, तो माणूस कायद्याने 'परफॉर्मर' नाहीच. मोडतोडीबद्दल दाद मागण्यापुरता तेवढा तो आहे. बाकी कशासाठी नाही.

कळलं का काय झालंय ते? नामावलीत नाव घालायचं की नाही हे कोण ठरवतो? निर्माता. आणि नाव नसण्याचा फायदा कुणाला? निर्मात्यालाच. ज्याच्याकडून येणं आहे त्याच्याच हातात वही दिलीय, आणि वर सांगितलंय, वहीत नाव नसेल तर येणं नाही. आमच्या गावातला किराणा दुकानदारसुद्धा इतका सोपा धंदा करत नाही.

अनिरुद्ध अगरवाल यांचं निदान काहीतरी नाव पडद्यावर आलं. पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्यांचं काय? थडग्यातून बाहेर येणारा हात कुणाचा होता? हवेलीच्या जिन्यावरून गडगडत गेलेला माणूस कोण? हिरोच्या जागी कडेलोट झालेला डमी कोण? मशाली घेऊन धावणारे गावकरी कोण? त्यातल्या कित्येकांची नावं पडद्यावर आली नाहीत, आणि जी माणसं नावानिशी माहीतच नाहीत त्यांच्यासाठी कुठला कायदा धावणार?

आता आपल्या दारात या. वाई आणि मेणवलीचा घाट किती सिनेमांत आहे ते तुम्हाला सांगायला नको. 'स्वदेस'मधला तो घाट आपलाच. 'गंगाजल' आणि 'दबंग' ज्या गावांच्या गोष्टी सांगतात ती गावं उत्तरेतली, पण दिसतात ते आपले रस्ते. मराठी मालिकांनी तर साताऱ्यात बस्तानच मांडलं, 'लागिरं झालं जी' पासून 'देवमाणूस' पर्यंत. चांगलंच आहे, चार पैसे जिल्ह्यात आले, लॉजवाल्याला धंदा मिळाला, गाड्या भाड्याने लागल्या, आपली काही पोरं कलाकार म्हणून पुढं आली. त्याचा मला अभिमानच आहे. पण त्याच सेटवर गर्दीत उभी राहणारी शेकडो माणसं आपलीच आहेत. बाजारातली बाई, अंत्ययात्रेतला खांदेकरी, मंत्र्याच्या सभेतला टाळ्या वाजवणारा, पोलिसांची लाठी खाणारा. यातल्या किती जणांच्या हातात कामाचा कागद आहे?

आमच्या गल्लीतल्या एका काकांचं सांगतो. नाव सांगत नाही, सिनेमाचंही नाही आणि कंपनीचंही नाही. तीन दिवस गर्दीत उभं केलं. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला त्यांचा चेहरा आवडला, म्हणून पुढं घेऊन दोन वाक्यं बोलायला लावली. माणूस खूश, घरी येऊन पेढे वाटले. पैसे एका मध्यस्थाकडून मिळायचे होते. दोन दिवसांचे मिळाले, तिसऱ्याचे 'उद्या या'. ते उद्या काही उजाडलं नाही. सिनेमा आला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. काका पडद्यावर अख्खे दिसले, वाक्यंही ऐकू आली. मग सगळे लोक उठून गेले तरी आम्ही शेवटची पाटी सरकेपर्यंत बसून राहिलो. स्वयंपाक्याचं नाव होतं, गाड्या पुरवणाऱ्याचं होतं, आभारात हॉटेलाचं होतं. काकांचं नव्हतं. काकू जाताना एवढंच म्हणाल्या, 'अहो, आवाज तरी तुमचाच होता ना?'

कायदा म्हणेल, किरकोळ काम. म्हणू दे. पण दोन वाक्यं ज्याने म्हटली त्याचं नाव लिहायला किती सेकंद लागतात?

आता दुसरी बाजू बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्यांचं नाव, चेहरा, आवाज आणि 'झकास' म्हणायची त्यांची लकब कुणी परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरू नये असा आदेश त्यांना मिळाला. योग्यच मिळाला. एआयच्या जमान्यात कुणाचाही चेहरा कुठंही चिकटवता येतो, त्याला आळा हवाच. 'झकास' हा शब्द आपल्या मराठीच्या गल्लीबोळातला, पण ते असो, त्यांनी तो मेहनतीने आपला केला. माझा मुद्दा वेगळा आहे. चेहरा अनिल कपूरचा असेल तर ती मालमत्ता, आणि सामरीचा असेल तर तो फुकटचा विनोद, हे कसं? मोठ्या वकिलाची फी ज्याला परवडते त्याच्याच चेहऱ्याला मालक असतो का? सामरीच्या चेहऱ्याने बिस्किटापासून विम्यापर्यंत कशाचीही थट्टेची जाहिरात करता येते, आणि करणाऱ्याला परवानगी विचारायचं मनातसुद्धा येत नाही.

वर शहरातल्या शिकलेल्या लोकांनी याला एक छान शब्द शोधलाय, 'कल्ट'. अमुक सिनेमा कल्ट आहे. 'गुंडा' कल्ट आहे. १९९८ सालचा कांती शहांचा 'गुंडा', ज्यात आपले मोहन जोशी 'पोते' झालेत. त्यातली यमकं आज मोठमोठ्या कंपन्यांतली पोरं पार्टीत म्हणतात. रामसेंवर पुस्तकं निघाली, परदेशातल्या विद्यापीठांत अभ्यास झाला. २०२३ मध्ये 'सिनेमा मरते दम तक' नावाची मालिकाही आली, त्यात या स्वस्त सिनेमांच्या दिग्दर्शकांना पुन्हा कॅमेरा हातात मिळाला. या सगळ्याचा मला आनंद आहे. पण कल्ट हा शब्द बघणाऱ्याचं कौतुक करतो, करणाऱ्याचं नाही. 'बघा, मी किती हटके बघतो' एवढंच त्यात असतं. आधी ज्यांनी नाक मुरडलं त्यांनीच आता हसून डोक्यावर घेतलं, आणि दोन्ही वेळेला काम करणाऱ्याच्या हातावर तुरीच.

आता आक्षेप घेऊ, कारण खाली येणारच आहेत.

पहिला आक्षेप आमच्या अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या मित्रांचा. हे सिनेमे भूतखेत, मांत्रिक, शाप असलं खूळ पसरवतात, बायकांना विनाकारण पाण्याखाली उभ्या करतात, त्यांच्यासाठी कसले अश्रू? मित्रांनो, तुमचं पहिलं अर्धं मला मान्य आहे. या सिनेमांवर टीका करा, जोरात करा. पण मजूर आणि माल यात गल्लत करू नका. विडी आरोग्याला वाईट आहे म्हणून विडी वळणाऱ्या बाईची मजुरी बुडवावी असं तुम्ही कधी म्हणाल का? उलट तिची मजुरी आणि प्रॉव्हिडंट फंड मिळावा म्हणून आपल्याच लोकांनी मोर्चे काढलेत. आणि त्या पाण्याखाली उभ्या केलेल्या नट्यांचं म्हणाल, तर सिनेमा कुणी लिहिला, कुणी काढला, कुणी पास केला, कुणी तिकीट काढून बघितला, हे सगळे सुटले. बदनाम झाली ती फक्त पाण्याखालची मुलगी. त्यातल्या अनेकींना पुढं 'चांगल्या' सिनेमात कुणी उभं केलं नाही. तुम्हाला खरंच बाईच्या सन्मानाची काळजी असेल तर तुम्ही माझ्या बाजूला यायला हवं.

दुसरा आक्षेप धंदेवाल्यांचा. हे सिनेमे चार दमडीत व्हायचे, निर्मात्याकडेच पैसे नव्हते, तो रॉयल्टी कुठून देणार? मान्य. त्या वेळी नव्हते. म्हणूनच रॉयल्टी ही गोष्ट शोधून काढलीय ना! रॉयल्टी म्हणजे आगाऊ पैसे नव्हेत. माल विकला गेला तर त्यातला छोटासा वाटा. सिनेमा पडला तर शून्याचा वाटा शून्य. चाळीस वर्षं चालला तर चाळीस वर्षं थोडं थोडं. शेत वाट्याने करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पीक आलं तर वाटा, बुडालं तर दोघांचं बुडालं. इथं मात्र बुडालं तर नटाचं पहिलं बुडतं, आणि आलं तर सगळं मालकाचं.

तिसरा आक्षेप, 'जुनी मढी कशाला उकरता, कायदा नंतर आला, आता काय करणार?' याला अमेरिकेचं उदाहरण आहे. १९६० साली तिथल्या नटांच्या युनियनने संप केला. तेव्हा युनियनचा अध्यक्ष होता रोनाल्ड रेगन, जो पुढं देशाचा अध्यक्ष झाला. तो काही लाल बावट्याचा माणूस नव्हता हे लक्षात घ्या. त्या संपातून ठरलं, की १९६० पासून पुढच्या सिनेमांचं टीव्हीवर पुन्हा प्रदर्शन झालं तर नटांना पैसे मिळतील. आणि आधीच्या सिनेमांचं? त्याचे हप्ते मिळाले नाहीत, पण त्याऐवजी निर्मात्यांनी रक्कम भरली आणि त्यातून नटांच्या पेन्शनची आणि औषधपाण्याची सोय उभी राहिली. जुन्या नटांतले काही त्यावर नाराजच राहिले, पण निदान काहीतरी उभं राहिलं. २०२३ मध्ये त्याच युनियनने एकशे अठरा दिवस संप केला, आणि त्यातला एक मोठा मुद्दा होता गर्दीतल्या नटांचा. त्यांचा चेहरा एकदा स्कॅन करून कायमचा वापरायचा नाही, हा. म्हणजे एवढी मोठी युनियन आपल्या वाईच्या काकांसारख्या लोकांसाठी भांडली.

आपल्याकडेही वाट आहे. लताबाईंनी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी हवी म्हणून भूमिका घेतली, त्यापायी रफीसाहेबांशी काही वर्षं गाणं बंद झालं. लोकांनी तेव्हा त्यांना हावरट म्हटलं. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर गायकांची संस्था झाली, २०१३ मध्ये तिची सरकारदरबारी नोंदणी झाली आणि गायकांसाठी रॉयल्टी गोळा व्हायला लागली. एकत्र आले म्हणून झालं. एकट्या गायकाला ते जमलं नसतं.

म्हणून नुसतं हळहळून भागणार नाही. मागण्या करू, आणि त्या आपल्या आवाक्यातल्या करू.

जिल्ह्यात शूटिंगला परवानगी देताना प्रशासनाने आणि ग्रामपंचायतींनी एक अट घालावी. स्थानिक माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तर त्याला नाव, दिवस, काम आणि मोबदला लिहिलेली चिठ्ठी मिळाली पाहिजे, मध्यस्थाची नव्हे, निर्मिती संस्थेच्या सहीची. एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी. ज्याच्या तोंडी एक जरी वाक्य आहे त्याचं नाव शेवटच्या पाटीत आलंच पाहिजे. यात कंपनीचा खर्च शून्य. आणि ते नाव आलं की कायद्यातल्या त्या परंतुकातून माणूस बाहेर पडतो. ग्रामसभा घाट भाड्याने देताना रक्कम ठरवतेच, सोबत ही एक ओळ ठरवायला कोण अडवतंय?

दुसरं, ज्येष्ठ कलावंतांना शासनाचं मानधन मिळतं, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ती योजना आहे. तिथं अर्जासोबत कलेचे पुरावे लागतात. सिनेमातल्या बिननावाच्या माणसाने कुठला पुरावा आणायचा? पडद्यावर दिसणारा चेहरा हाच पुरावा धरावा, सिनेमाची ती चौकट आणि दोन साक्षीदार पुरेसे मानावेत, ही मागणी आपल्या आमदारांकडे करायला हरकत नाही. तमाशातल्या, बँडमधल्या, टुरिंग टॉकीजमधल्या लोकांनाही त्याचा उपयोग होईल.

तिसरं, जुने सिनेमे साफसूफ करून पुन्हा विकणाऱ्या कंपन्यांनी नामावली पूर्ण करावी. रंग दुरुस्त करता, आवाज दुरुस्त करता, मग नावंही दुरुस्त करा. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. 'आलम आरा'सारख्या सिनेमाची एक प्रत आपण जपू शकलो नाही, पण नावं जपायला तर फिल्मची रिळंही लागत नाहीत. जे लोक अजून हयात आहेत त्यांना विचारून लिहून ठेवा. ते गेले की त्या थडग्यातला हात कायमचा बिननावाचा राहील. तुलसी रामसे २०१८ ला गेले, श्याम रामसे २०१९ ला, गंगू रामसे २०२४ ला. ज्यांना सेटवरचं कोण कोण होतं ते आठवत असेल अशी माणसं दरवर्षी कमी होतायत.

आणि शेवटचं आपल्यासाठी. रील पाठवू नका असं मी म्हणत नाही, भुतावर हसायलाही माझी ना नाही. सामरीवर हसता येतं हेही त्या माणसाचंच देणं आहे. फक्त खाली दोन शब्द लिहा, अनिरुद्ध अगरवाल. आणि तुमच्या घरातलं, भावकीतलं, गल्लीतलं कुणी कुठल्याही सिनेमात, मालिकेत, अगदी पाठमोरं जरी उभं राहिलं असेल, तर त्यांचं नाव, सिनेमाचं नाव आणि वर्ष खाली कमेंटमध्ये टाका. पैसे बुडाले असतील तर तेही लिहा, कंपनीचं नाव मात्र इथं जाहीर न लिहिता मला मेसेज करा. पंधरा दिवसांत यादी करून मी ती तालुक्याच्या पुढच्या आमसभेत ठेवणार आहे. माझ्या यादीतलं पहिलं नाव गल्लीतल्या काकांचं असेल, त्यांची परवानगी घेतलीय.